सतरा, अल्मा स्ट्रीट

वेस्टमिन्स्टर, सोमवार रात्र

प्रिय रो,

आज तुझे तीन फोन आले आणि तिन्ही मी वाजू दिले. तुला काय विचारायचं होतं ते मला ठाऊक आहे. तुझ्या उमेदवारीचा अर्ज सापडला का, त्यावर सूचक म्हणून माझी सही झाली का, आणि बुधवारी दुपारी चारच्या आत तो टाउन हॉलमध्ये पोचणार का. सांगते. पण त्याआधी दुसरं काही सांगायचं आहे. ते फोनवर सांगायला गेले असते, तर तू मधेच 'आई, तुझं पुन्हा सुरू झालं' म्हणाली असतीस आणि मी लगेच गप्प बसले असते. बावीस वर्षं गप्प बसायची सवय झाली आहे मला. म्हणून लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस, घाईत लिहिते आहे. मतदानाची घंटा वाजली की इथे पार्लमेंटमध्ये आठ मिनिटांत सभागृहात पोचावं लागतं. आज दोनदा धावले, आणि दुसऱ्यांदा आपण कशावर मत दिलं हे जोआनला विचारावं लागलं. ती माझी सेक्रेटरी असून माझ्याकडे आईसारखी बघत होती.

मी कौन्सिलमध्ये कशी शिरले ते तू शंभरदा ऐकलं आहेस, तरी पुन्हा ऐक. शाळेच्या स्वयंपाकघरात मी बटाटे कुस्करत होते आणि मागच्या दारानं एड्ना क्रॉशॉ आत आली. आपल्या वॉर्डाची म्हातारी नगरसेविका, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. म्हणाली, "बेव्ह, रोज सहाशे पोरांना रांगेत उभं करतेस. कौन्सिलातल्या साठ म्हाताऱ्यांना करशील की नाही?" मी म्हटलं, माझं शिक्षण कुठे एवढं? ती म्हणाली, "त्यांचं तरी कुठे आहे!" पत्रकं छापायला दिली तेव्हा तिनं बजावलं की पत्ता नावापेक्षा मोठा छाप. कुठल्या दारावर थाप मारायची ते लोकांना कळलं पाहिजे. तर छापला. सतरा, अल्मा स्ट्रीट. एक्केचाळीस मतांनी निवडून आले. तू चार वर्षांची होतीस, बाबांच्या खांद्यावर बसून माझ्या रिबिनीच्या फुलाचं टोक चघळत होतीस.

मग आपलं स्वयंपाकघर म्हणजे धर्मशाळाच झाली. कुणाच्या भिंतीला ओल आलेली, कुणाचं गटार तुंबलेलं, कुणाच्या शेजाऱ्याचं कुंपण दोन फूट उंच झालेलं. तू टेबलाच्या कोपऱ्यावर गणितं करायचीस आणि न सांगता किटली चढवायचीस. ते दिवस मला फार आवडायचे, रो. मी तेव्हा खरंच ऐकत असे.

तीन आठवड्यांपूर्वी क्लबात कौन्सिलचा उमेदवार निवडायला पक्षाची सभा झाली. तू उभी राहिलीस आणि बिनकागदाचं बोललीस. म्हणालीस, "मी नऊ वर्षांची होते. आई घरी नव्हती. एका आजोबांनी दार वाजवलं, त्यांची काहीतरी तक्रार होती. मी त्यांना चहा दिला, क्रीमची बिस्किटं दिली, त्यांनी मला दोन बोटांनी शीळ घालायला शिकवलं. आणि जाताना ते हसत गेले. राजकारण म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं." मग माझ्याकडे बघून, मिस्कील हसत: "माझा पत्ता मतपत्रिकेवर छापलेला असेल. मी काही लपवणार नाही." सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. पण सगळ्यांच्या आधी थांबले. शेजारी बसलेल्या एड्नाच्या नातवानं विचारलंसुद्धा, "बेव्ह, बरं नाही का वाटत?" मी म्हटलं, पोरीचं कौतुक सोसत नाहीये.

त्या आजोबांचं नाव नॉर्मन ऑर्मरॉड. मूर एन्डच्या मळ्यांत, जिथे लोक भाड्याच्या वाफ्यांत बटाटे आणि घेवडा लावत, तिथे त्यांची कबुतरांची खोली होती. शर्यतीची कबुतरं. बायको गेल्यापासून माणूस दिवसभर तिथेच असायचा. ती जमीन कौन्सिलला आरोग्यकेंद्रासाठी हवी होती, आणि बांधकाम समितीची अध्यक्ष मी होते. अशा निर्णयाआधी समितीनं जागेवर जाऊन पाहायचं असतं, तसा नियमच आहे. आम्ही मिनीबसनं गेलो. पाऊस होता, चिखल होता, एकाला दंतवैद्याकडे जायचं होतं. कुणीतरी म्हणालं, काचेतून दिसतंय की. कुणीच उतरलं नाही. फाइलीत लिहिलं होतं, 'काही तात्पुरत्या शेड'. नॉर्मन ऑर्मरॉड लग्नाला घालावा तसला कोट घालून त्या खोलीसमोर उभे होते. हातात एक निळसर कबूतर धरलं होतं, आम्हाला दाखवायला. आम्ही उतरू म्हणून वाट बघत होते. मला दिसले ते. मी काचेतून हात हलवला आणि बस वळली. पुढच्या आठवड्यात सात विरुद्ध सात मतं पडली, आणि अध्यक्षाचं जादा मत मी दिलं. वसंतात बुलडोझर आला.

आता तो दिवस. सप्टेंबरातला मंगळवार. तू शाळेतून येऊन तासभर एकटी असायचीस, शेजारच्या डोरीनचं लक्ष असायचं म्हणे. मी सव्वापाचला आले तर आतून शीळ ऐकू आली. ते टेबलाशी बसले होते, टोपी गुडघ्यावर, पायांशी कातड्याची जुनी पिशवी. तू दोन बोटं तोंडात घालून फूफू करत होतीस आणि ते सांगत होते, "जीभ मागे घे, पोरी, जीभ मागे." मला बघून उठले. "गुणी आहे हो तुझी पोर," एवढंच म्हणाले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. तिथे त्यांनी पिशवी उघडून दाखवली. आत रॉकेलची बाटली होती, चिंध्या होत्या, काडेपेटी होती.

म्हणाले, "घरात कुणी नसेल असं वाटलं होतं, बाई. तुझी गाडी नव्हती. दाराच्या फटीतून, टपाल टाकतात ना तिथून, ओतायचं आणि निघून जायचं. माझी खोली गेली तशी तुझी. खात्री करायला म्हणून थाप मारली. तर हिनं दार उघडलं. म्हणते, आई येईलच, आत या ना, बिस्किटं आहेत." बाटली त्यांनी फाटकाच्या खांबावर ठेवली. मग खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. टाउन हॉलच्या फलकावरून फाडलेली उमेदवारांची यादी होती ती, आणि माझ्या पत्त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली. ते वळले, आणि तू मागून दारातून ओरडलीस, "पुन्हा या हं!" त्यांनी न वळता हात वर केला. ते हसत होते की नाही, ते तुला दिसलं असणं शक्य नाही, रो. पाठ होती त्यांची. आणि त्यांनी थाप मारली नसती तर तू आत गणितं करत बसलेली असतीस. तो विचार मी आजही पुरता करू शकत नाही.

पोलिसांना मी सांगितलं नाही. तुझ्या बाबांनाही नाही, ते वारले तोपर्यंत नाही. तुला सांगितलं, गटाराची तक्रार होती. त्यामागे एक कारण बरं होतं: त्या माणसाचं सगळं गेलं होतं, आणि मी बसमधून उतरलेसुद्धा नव्हते. दुसरं कारण बरं नव्हतं. त्या वर्षी पार्लमेंटसाठी माझ्या नावाची कुजबूज सुरू झाली होती. त्यांनी असं का केलं, असं कुणी विचारलं असतं तर मिनीबस बाहेर आली असती. म्हणून मी मूग गिळून बसले. महिनाभरानं शोध घेतला, तर कळलं ते त्याच आठवड्यात गाव सोडून गेले. कुणी म्हणे बहिणीकडे, कुणी म्हणे वेल्सला. आहेत की नाहीत, मला माहीत नाही. ते माहीत नसणं माझ्याबरोबर रोज झोपतं आणि रोज उठतं.

पुढचं सगळं तुला बाहेरून दिसलं. कौन्सिलचं उपनेतेपद, मग दोन हजार दहाची पार्लमेंटची निवडणूक, क्रीडासंकुलात मोजणी, सहाशे बारा मतांची आघाडी, लंडनची गाडी. त्याच वर्षी पहिल्यांदा उमेदवाराला घरचा पत्ता न छापण्याची मुभा मिळाली आणि मी दोन्ही हातांनी ती घेतली. तू सोळा वर्षांची होतीस. रविवारच्या जेवणाला यॉर्कशायर पुडिंग तोडता तोडता म्हणालीस, "आता तुला आपल्या गल्लीची लाज वाटायला लागली वाटतं, बाईसाहेब." मी म्हटलं, नियम आहे. दोन आठवडे तू माझ्याशी बोलली नाहीस. मी ते सोसलं, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. बाबा गेल्यावर अल्मा स्ट्रीटचं घर तुझ्या नावावर केलं आणि टेकडीवरच्या फ्लॅटवर राहायला गेले, तेव्हा तुला वाटलं आई किती उदार. रो, मला त्या दारामागे झोप लागत नव्हती. आणि तेच दार मी तुला दिलं. हे लिहिताना माझी मला किळस येते आहे.

शनिवारी वाचनालयात मी लोकांना भेटते ना, तिथे आता टेबल मध्ये असतं, माझी खुर्ची दाराजवळ असते आणि टेबलाखाली एक बटण असतं. पोलीस सार्जंट येऊन शिकवून गेला. चांगला पोरगा होता. म्हणाला, "बाई, आधी हात बघायचे, मग तोंड." त्यानं सांगायच्या कितीतरी आधीपासून मी तेच करत होते. म्हातारा माणूस पिशवी घेऊन आला की मी पिशवी बघते. तो त्याच्या गोळ्यांबद्दल, त्याच्या नातीबद्दल सांगत असतो आणि मला निम्मं ऐकूच येत नाही. फोनवर धमक्यांचं काय काय येतं त्यातलं तू थोडं वाचलं आहेस. बाकीचं जोआन एका फाइलीत लावते आणि पोलिसांना देते. ती फाइल आता दारात अडकवायला ठेवता येईल एवढी जाड झाली आहे. लोक मला खंबीर म्हणतात. मी घाबरट बाई आहे, रो. फक्त उभी राहायला शिकले.

आता अर्ज. तो क्रूला गाडी बदलताना डब्यात राहिला नाही, काल जेवताना मी खोटं बोलले. आठवड्यापूर्वीच्या रविवारी तू दिलास तेव्हापासून तो माझ्याच पिशवीत होता, आणि आजपासून या टेबलाच्या खणात आहे. पहिली सही आईचीच हवी म्हणून तू दुसरा अर्ज भरणार नाहीस, हे मला माहीत होतं. पत्ता प्रसिद्ध करावा, असं तू तुझ्या गोल अक्षरात लिहिलं आहेस आणि खाली रेघ मारली आहेस. ती रेघ पाहिली आणि मी अर्ज घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला. मी ठरवलं होतं की बुधवारचे चार वाजू द्यायचे. तू रडली असतीस, मला वेंधळी म्हातारी म्हणाली असतीस, आणि सुरक्षित राहिली असतीस. पण आज तुझा तिसरा फोन वाजत होता तेव्हा लक्षात आलं, की मी पुन्हा मिनीबसमध्येच बसले आहे. तू कोट घालून उभी आहेस आणि मी काचेतून हात हलवते आहे. म्हणून सही केली आहे. जोआन उद्या सकाळच्या गाडीनं येते आहे, हे पाकीट तुझ्या हातातच देईल. त्यात तीन कागद आहेत. पहिला तुझा अर्ज. दुसरा पत्ता न छापण्याचा, कोरा. त्यावर फक्त तुझी सही चालते. तिसरी नॉर्मन ऑर्मरॉडनी दिलेली यादी, जी मी बावीस वर्षं कुणाला दाखवली नाही. तू सभेत सांगितलंस ते खोटं नव्हतं. तुझ्या चहानंच ते घर वाचलं, आणि तुझ्यासारखी नगरसेविका त्या वॉर्डाला मिळायलाच हवी. तू उभी राहा. पत्त्याचं काय करायचं ते तू ठरव, मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. फक्त ठरवताना कालची एक गोष्ट आठव. आपण त्याच घरात जेवत होतो आणि दार वाजलं. तू 'आता कोण?' म्हणेपर्यंत तुझी मेबल खुर्चीवरून उतरून दाराकडे पळालीसुद्धा होती. डोरीनच होती, चुकून तिच्याकडे गेलेलं पार्सल घेऊन, आणि आपण सगळे हसलो. पाच वर्षांची झाली ती. तिचा हात आता कडीला पोचतो, रो.

तुझीच,
आई