धुऱ्यावरची जागा

आबाजी, आज दिवसभर मी तुमच्या जागेवर उभी होते. आपल्या वावराच्या नदीकडच्या धुऱ्यावर, बोरीपाशी, जिथे बांध जरा उंच होतो आणि कपाशीची सगळी पऱ्हाटी एका नजरेत मावते. तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होते. बोर आता वाढली आहे, धुरा मात्र तेवढाच आहे. उद्याही मला तिथेच उभं राहायचं आहे आणि मला फार भीती वाटते आहे. घरात कुणाला हे सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

जनावर परत आलं आहे. तुम्ही कधीच त्याचं नाव घेत नव्हता, आणि मी मुद्दाम "वाघ, वाघ, वाघ" म्हणत तुमच्याभोवती नाचायचे. आता मीसुद्धा जनावरच लिहिते आहे. पैनगंगेच्या पलीकडच्या जंगलातून ते येतं, थोडे दिवस राहतं आणि निघून जातं. या वेळी शेजारच्या गावात त्यानं भर दुपारी एक कालवड मारली, आणि आपल्या नाल्याच्या ओल्या मातीत त्याचे पंजे उमटले आहेत. आदिलाबादचे फॉरेस्टवाले येऊन तेलुगूत सांगून गेले की एकटं जाऊ नका, ऊन चढल्यावर जा, आणि कापूस वेचताना एक माणूस उभा ठेवा, कारण वाकलेला माणूस त्याला गुरासारखा दिसतो. विहारासमोर बायका जमल्या होत्या, त्यांना ते मराठीत मीच समजावलं. वर माझ्या पदरचंही घातलं, की ही त्याचीही वाट आहे, त्यालाही जगायचा हक्क आहे, आपण जपून राहिलो तर ते आपल्या वाटेला जाणार नाही. मी ते मनापासून बोलले. अजूनही मला ते खरंच वाटतं. शेजारची काकू म्हणाली, "मंग तूच हुबी राह्य व पोरी, आमी वेचतो. आलंच त डिग्री दाखव त्याले, वाचत बसंन." सगळ्या हसल्या, आईसुद्धा. बोंडं फुटून कापूस लोंबतो आहे आणि आभाळ रोज भरून येतं आहे, त्यामुळे घरी बसणं कुणालाच जमणारं नाही. बाबा हंगामभर आदिलाबादला जिनिंगवर हमालीला असतात. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "मोठ्यानं बोंबलता येते ना तुले?"

मला तुमचा डबा आठवतो. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि हातात तुराटीचं दांडकं. आजी, आई, आत्या कमरेला ओटी बांधून वाकलेल्या असायच्या आणि सगळ्या वावरात तुम्ही एकटे ताठ. मध्येच डबा वाजवायचात, मध्येच खोकायचात, कुणाचं तरी लग्न कसं मोडलं ते नदीपर्यंत ऐकू जाईल असं सांगायचात. आजी म्हणते, "बाया मरून राह्यल्या काम करून, अन् हा पाहा, पाटलावानी हुबा!" तुम्ही म्हणता, "पाटील काम पाह्याले हुबा राह्यते. मी तुले पाह्यतो." आई आणि आत्या तोंडाला पदर लावून हसतात, आजी ढेकूळ उचलून तुमच्या दिशेनं भिरकावते, आणि तुम्ही हसता हसता कपाशीमधल्या तुरीच्या दाट ओळीवरची नजर काढत नाही. ती नजर तेव्हा मला दिसली नव्हती. आज दिसते आहे.

एकदा मी खाली पडलेली बोंडं गोळा करत ओळीत बसून राहिले. तुम्ही कसे धावत आलात! दंडाला धरून मला उचललंत आणि पाठीत एक धपाटा घातलात. तुमच्या हातचा तेवढा एकच. "डोकं दिसलं पायजे मले तुह्यं! काऊन बसली तू?" मला वाटलं, तुम्ही रागावलात. पुढच्या बाजाराला तुम्ही माझ्यासाठी लाल रिबन आणली, चांगली चार बोटं रुंद, आणि तिचं एवढं मोठं फूल बांधून दिलंत, की शाळेतल्या मुली आठवडाभर जळत होत्या. ती सुंदर दिसण्यासाठी आहे असं मी कितीतरी वर्षं समजत होते. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मी तुमच्यावर बोलले होते. मोठ्या आवाजात सांगितलं होतं, "माझे आजोबा आयुष्यात कशालाच भ्याले नाहीत." खूप टाळ्या पडल्या होत्या.

आज सकाळी हे आजीला सांगितलं, निदान मला तरी धीर यावा म्हणून. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. "कोन, तुहा आबाजी? त्याच्याएवढं भेवाडं मानूस म्या जन्मात पाह्यलं नाई." मग तिनं सांगितलं. बाबा तान्हे होते, बाभळीला बांधलेल्या झोळीत निजले होते. तुम्ही दोघं वाकून वेचत होता. झोळीखाली बकरीचं पिल्लू बांधलेलं होतं. वर पाहिलं तर पिल्लू नाही, नुसता दोर, आणि झोळी हलते आहे. बाबा झोपलेलेच होते. "तवापासून लेकरू वावरात असलं, का हा मानूस वाकला नाई. आदी तुह्या बापासाठी हुबा राह्यला, मंग तुह्यासाठी. रातभर पाय चेपा लागे त्याचे. पन डबा दुसऱ्याच्या हाती देत नव्हता." मग तिनं त्याच डब्यातली ज्वारी सुपात ओतली आणि डबा माझ्यापुढे ठेवला.

मी माझी लाल ओढणी आईच्या डोक्याला बांधली आणि निघाले.

दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. मी डबा वाजवत होते, मोठ्यानं बोलत होते. मग वारा पडला, आणि पडलेल्या वाऱ्यात तूर हलली. एकाच ठिकाणी, आईच्या ओळीच्या अगदी जवळ. लाल ओढणी खाली वाकलेली. माझा हात डब्यावर उचललेला तसाच राहिला. "उठा, उभ्या राहा" असं ओरडायचं हे मला पाठ होतं, मीच सगळ्यांना शिकवलं होतं, आणि त्यातला एकही शब्द येत नव्हता. मग एकदम आवाज फुटला, आणि वावरातल्या सगळ्या बायका एकाच वेळी उभ्या राहिल्या. तुरीतून एक डुकरीण तिची पिल्लं घेऊन नाल्याकडे पळाली. "डुक्कर व माय, डुक्कर!" काकू हसत खालीच बसली, आणि मी तिच्यावर खेकसले, "बसू नको ना व काकू!"

आई माझ्याकडे आली. "काय म्हनली व तू आता?"

"उठा म्हटलं," मी म्हणाले.

तिनं बोरीकडे पाहिलं. मग ओढणी घट्ट करून पुन्हा ओळीत गेली.

मी उठा म्हटलं नव्हतं. मी "आबाजी" म्हणून ओरडले होते. आईनं ते ऐकलं असणार.

हा कागद कुठे पोस्टात टाकायचा नाही. पहाटे आजी याच्यावरच चूल पेटवेल. उद्या अजून अर्धं वावर वेचायचं आहे, आणि डबा घेऊन मी धुऱ्यावर असेन. फक्त एक गोष्ट राहिली. आज मी तुमच्या जागेवर उभी होते असं वर लिहिलं आहे, ते तितकंसं खरं नाही. बोरीपाशी एका माणसापुरती जागा सोडून मी जरा बाजूला उभी होते.