मालनवहिनीचं गाऱ्हाणं

लालबाग, ९ मे २०२५

चि. हितेंद्र यास,
मालनवहिनीचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा. धपाटा पोस्टाने येत नाही, पाठीत बसला असं समज.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. काल फोनवर मी नुसतं हॅलो म्हटलं, पुढे सगळं तूच. मी मधे डाळ निवडली, कुकर लावला, शेजारी जाऊन विरजण आणलं, तरी तुझी गाडी चालूच. पत्राचं बरं असतं, मधे तोंड घालता येत नाही.

सुका बोंबील दळायचा, डबे भरायचे नि जिममधल्या पोरांना ताकदीची पावडर म्हणून विकायची, ही तुझी स्कीम मला कळली. 'बोंबिलप्रो' नाव पण झ्याक आहे. पण बाबा, फणसवाडीत? तुझ्या खालच्या मजल्यावर कांदासुद्धा दार लावून चिरतात. तिथे तू गॅलरीभर बोंबील वाळत घातलेस? तुझी सुचित्रा म्हणाली कबुतरंसुद्धा बिऱ्हाड हलवून गेली. आणि मिक्सर एक पुरला नसता का रे?

झोपत नाहीस म्हणे. दोन वर्षांमागे असंच झालेलं. तेव्हा हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बायपोलर असं नाव दिलं. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत गेलेली, मला एवढंच समजलं की जत्रेतल्या पाळण्यासारखा तू फार वर जातोस, मग फार खाली येतोस, आणि गोळ्या तुला मधे धरतात. त्या गोळ्या तू सोडल्यास असं कानावर आलंय. खरं काय ते लिही. खोटं लिहिलंस तर मला अक्षरावरून कळतं.

तुझ्या बोंबलांवर नाही, पण तुझ्यावर लोभ असलेली,
मालनवहिनी


फणसवाडी, १२ मे २०२५

ती. गं. भा. मालनवहिनीस,
हितेंद्रचा सा. न. वि. वि.

लिफाफा जाड झाला आहे, घाबरू नका, बाकीची पानं कंपनीच्या प्लॅनची आहेत. मी ठणठणीत आहे. इतका ठणठणीत की लोकांना बघवत नाही. गोळ्या सोडल्या हे खरं. आजारच उरला नाही तर गोळ्या कशाला? पाऊस थांबला की आपण छत्री मिटतो. त्या गोळ्यांनी हात थरथरतात, डोकं मठ्ठ होतं, वर सारखं रक्त तपासा. रक्त माझं, मेंदू माझा, तर डॉक्टर पण मीच!

आणि मी अडाणीपणाने करत नाही वहिनी, अभ्यास आहे. मोबाईलवर परदेशातल्या प्रोफेसरांची भाषणं मी दुप्पट स्पीडने ऐकतो, म्हणजे त्यांच्या दुप्पट शिकलो. माझी पद्धत सोपी आहे. फार वर गेलो तर केमिस्टकडून झोपेची अर्धी गोळी, खाली आलो तर दारूची एक क्वार्टर. घाटात गिअर टाकतात तसं.

शिवाय बोलतंय कोण? तुमची बीपीची गोळी रोजची आहे. तुम्ही ती डोकं जड झालं तरच खाता, एरवी लसणाची पाकळी चावता. तुमचा डॉक्टर कोण, लसूणवाला?

बोंबिलप्रोमध्ये तुम्हाला चेअरमन केलं आहे. सही करून पाठवा आणि आशीर्वादाचा पुरवठा चालू ठेवा.

आपला उगवता उद्योगपती,
हितेंद्र

ता. क. बोंबील गेला तर जवळा आहेच.
ता. क. च्या खाली अजून एक: कोलंबीचा पण विचार चालू आहे.


फणसवाडी, १४ जुलै २०२५

ती. वहिनींस,
सौ. सुचित्राचा शि. सा. न.

बोंबील गेले. मिक्सरपण दुकानदाराने हातापाया पडून परत घेतले, एक तेवढा राहिला. आता माणूस गेल्यासारखा झालाय. भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. ऑफिसला जात नाहीत, आंघोळीचं म्हटलं तर डोळे मिटतात. संध्याकाळी फक्त क्वार्टर आणायला उठतात आणि त्याला औषध म्हणतात.

वाडीत प्रत्येकाकडे उपाय आहे. कोणी म्हणतं अश्वगंधा, कोणी म्हणतं बदली मागा, कोणी म्हणतं दुसरं मूल. वरच्या मजल्यावरच्या कमलाबाईंनी तर त्यांच्या भावाच्या उरलेल्या गोळ्याच आणून दिल्या, उदासीवर एकदम बेस्ट म्हणून. त्यावरची तारीख वाचायला त्यांच्याकडे चष्मापण नव्हता. ह्यांनी लगेच सुरू केल्या! डॉक्टरीणबाईंनी एवढं शिकून दिलेल्या नकोत, आणि कमलाबाईंनी पदरात बांधून आणलेल्या चालतात.

वहिनी, हसू नका. काल हे अपेक्षाला म्हणाले की मी नसलो तरी तुमचं छान चालेल. तेव्हापासून पोर कॉलेजला गेलेली नाही, बापाच्या उशाशी बसून आहे. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एकटं सोडू नका, लवकर घेऊन या. पण हे उठत नाहीत, नि मी उचलून नेऊ शकत नाही. गणपतीपर्यंत डॉक्टरकडे आले नाहीत तर मी पोरीला घेऊन प्रभादेवीला माहेरी जाणार. धमकी नाही, थकलेय.

तुमच्या मायेच्या भरवशावर असलेली,
सुचित्रा


फणसवाडी, १८ जुलै

ती. वहिनी, सा. न.
काळजी नको. लिहायला काही नाही.
हितेंद्र


लालबाग, २१ जुलै २०२५

चि. हितेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

कार्ड मिळालं. मी ते उलटंसुलटं करून बघितलं, म्हटलं मागच्यासारखी ता. क. ची पिलावळ कुठे दडली असेल. नव्हती. गं. भा. पण नव्हतं, ते एक बरं केलंस. माझ्या नावाआधी दोन-दोन नद्या लावल्या की मला सर्दी होते.

लिहायला काही नाही तर नको लिहू. उद्या मीच येते. बोलायला नाही, घेवडा निवडायला. तू भिंतीकडे तोंड कर, मी तुझ्या पाठीकडे करते. ओळखीची आहे ती पाठ. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा तू तिसरीत होतास. शाळा चुकवून माझ्या ट्रंकेमागे लपायचास. तुझे दादा छडी घेऊन शोधायचे. मी कधी सांगितलं नाही. पण ह्या वेळी लपलास तर सांगणार हां. सगळ्यांना सांगणार.

अपेक्षाला बोललास ते मला कळलंय. तुझ्यावाचून आमचं छान चालणार नाही. सुचित्राचं नाही, पोरीचं नाही. आणि मी मुंबईत चिडवायचं कोणाला?

घेवड्यासकट येत असलेली,
वहिनी


फणसवाडी, ३ सप्टेंबर २०२५

ती. गं. भा. मालनवहिनीस (नद्या मुद्दाम लावल्या आहेत),
सा. न. वि. वि.

काल गणपती गेले, पण माझा राग गेलेला नाही. तुम्ही मला देवासमोर फसवलंत!

ऑगस्टपासून मी पुन्हा फुल फॉर्मात. झोप लागत नव्हती, लागायची गरजही नव्हती. तुमच्याकडे घरचा गणपती, विसर्जनाची आरती झाली, गाऱ्हाण्याची वेळ आली. दादांच्या मागे गाऱ्हाणं घालायचा मान माझा. तुम्ही सरळ पुढे होऊन नारळ हातात घेतलात. मी बाजूला सरलो, म्हटलं आपण सुधारक माणूस.

गाऱ्हाणं म्हणजे एकाने देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी दर मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते मागणं असतं, सापळा नसतो! पोराबाळांना सुखी ठेव, व्हय म्हाराजा. गावच्या घराची कौलं सांभाळ, व्हय म्हाराजा. माझा आवाज सगळ्यांच्या वर होता, खालचा ढोलवाला मान वर करून बघत होता. मग तुम्ही स्पीड वाढवलात. माझं तोंड उघडंच होतं, आणि तुम्ही तेवढ्यात घुसवलंत की ह्या घरातलो जो कोण आपल्याच मनान गोळी खाता नि आपल्याच मनान सोडता, तेका येत्या मंगळवारी डॉक्टराच्या दारात नेऊन उभो कर रे म्हाराजा.

व्हय म्हाराजा! मीच. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

सगळी चाळ हसली. अपेक्षा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि ते मला अजून दिसतंय.

देवाला दिलेला शब्द मोडवत नाही. पण घाईत तुम्हीपण चुकलात. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, घरातलो जो कोण म्हणालात. आपल्या मनाने गोळी खाणारे ह्या घरात दोघं आहेत, आणि शेवटचं व्हय म्हाराजा तुम्हीपण म्हणालात. मी ऐकलं. तेव्हा मंगळवारी तुम्हीपण बीपीच्या डॉक्टरच्या दारात. तुम्ही नाही तर मीही नाही.

रागातसुद्धा पाया पडणारा,
हितेंद्र


लालबाग, ५ सप्टेंबर २०२५

चि. हितेंद्र यास,
आशीर्वाद.

पकडलंस रे मेल्या! मला वाटलं देवच तेवढा ऐकतोय.

ठीक आहे. मंगळवारी सकाळी हॉस्पिटलच्या गेटजवळ भेटू. आधी तुझ्या डॉक्टरीणबाई, मग माझा बीपीवाला. कमलाबाईंच्या गोळ्या पिशवीत घालून आण, बाईंना दाखव. क्वार्टरचं पण सांग, लपवलंस तर मी आहेच. मी माझा लसूण आणते, बघू कोणाला जास्त ओरडा बसतो.

मे महिन्यात तू छत्रीचं लिहिलेलंस. बाबा, पाऊस थांबला नव्हता. छत्री होती म्हणून तू कोरडा होतास.

सुचित्राला सांग, माहेरची बॅग माळ्यावर टाक. आणि अपेक्षाला पण आण. तू देवाला दिलेला शब्द पाळताना पोरीने बघितलेलं बरं.

गेटजवळ उभी राहणारी,
वहिनी


फणसवाडी, २२ नोव्हेंबर २०२५

ती. मालनवहिनीस,
सा. न. वि. वि.

गोळ्या रोज चालू आहेत. परवा पुन्हा रक्त दिलं, रिपोर्ट ठीक आहे. कमलाबाईंच्या गोळ्या बघून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावलेला तुम्ही बघितलाच. ह्या आजारात उदासीची गोळी एकटीच घेतली तर माणूस नको तेवढा वर जाऊ शकतो, हे मला आता पाठ आहे. माझा ऑगस्टचा फॉर्म त्यातूनच आला असावा, असं त्या म्हणतात.

एकदम बरं वाटलं नाही. आठवडे गेले. हात थरथरतात म्हणून ह्या वेळी सांगितलं, तर त्यांनी डोस बदलून दिला. म्हणाल्या, हे मला सांगायचं असतं, मोबाईलला नाही. दिवाळीत एकदा क्वार्टर झाली, तेही सांगितलं. ओरडल्या, पण हाकललं नाही.

ऑफिसला जातो. अपेक्षा कॉलेजला जाते. मोरीचा नळ गळत होता, वॉशर बदलला. राहिलेल्या मिक्सरवर सुचित्राने बोंबलाची चटणी केली, दार लावून. कबुतरं परत आली आहेत. बाकी विशेष काही नाही.

लोभ आहेच, चिडवणंही चालू ठेवावं.
हितेंद्र


लालबाग, २५ नोव्हेंबर २०२५

चि. हितेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

एवढं कंटाळवाणं पत्र मला जन्मात कोणी लिहिलं नव्हतं. नळाचा वॉशर! शेजारणीला वाचून दाखवलं तर तिला जांभई आली. मी मात्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

माझी गोळी रोज सकाळी चालू आहे. बीपीवाल्याने सांगितलंय, लसूण फोडणीत घाला, गोळीच्या जागी नको. म्हणून कालच्या आमटीत डबल घातला, चाळभर वास गेला.

'बाकी विशेष काही नाही' ह्या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ ओढून पत्र देवाच्या फोटोमागे ठेवलंय. पुढच्या पत्रातपण विशेष काही नको. असंच कंटाळवाणं लिहीत जा रे म्हाराजा.

आता काय म्हणायचं ते तुला ठाऊक आहे. मोठ्याने म्हण, लालबागला ऐकू आलं पाहिजे.

तुझी,
वहिनी