किपलीची वेलांटी

३ फेब्रु.
दुकानातला जुना कॉम्प्युटर नवं सॉफ्टवेअर घेईना. 'हा संगणक पात्र नाही' म्हणे. अठरा वर्षं सेलूतल्या लग्नपत्रिका याच्यावरच टाइप केल्या, तेव्हा बरा पात्र होता! राग राग झाला. नवा कॉ. आणला, तर जुन्या फाइली त्यावर नुसते कंस नि प्रश्नचिन्हं. कुठल्या अक्षराचं काय झालं ते शोधण्यात दुपार गेली. खरं तर मजा आली.

६ फेब्रु.
देवगाव फाट्याहून धुरपदाबाई आल्या. मेंढरंवाल्या. नवरा, किसनराव, मागच्या साली वारले. मुलीची पत्रिका छापायला आले होते तेव्हा हौसेनं सगळ्या मेंढ्यांची नावं टाइप करून घेतली होती. तो कागद भिजला.
"मेंढीचं नाव तिच्या लेकीला जातंय ताई आमच्यात. कळपामागं तेच असायचे. माझ्या लेकाला नावं पाठ न्हाईत. तुमच्या डब्यात असतील बगा."
आहेत. पण जुन्या डब्यात, आणि त्याचा पडदा पाच मिनिटांत काळा होतो. बघून नव्यावर टाइप करायचं.

७ फेब्रु.
बोटं ऐकत नाहीत. जुन्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, नव्यावर नंतर. सवयीनं आधी मारली की मागच्या अक्षरावर जाऊन बसते. 'कविता'ची 'किवता'. चांदी, कबरी, बांडी सुखरूप. जुन्या पडद्यावर एका ठिकाणी 'किपली' दिसलं. हसले. वेलांटी सरकलेली, दुसरं काय. 'कपिली' केलं. आणखी दोनतीन नावं सुधारली. प्रिंट पाठवून दिली.

९ फेब्रु.
भाकरी थापताना हात थांबला. वेलांटी मागं सरकते ती नव्या कॉ.वर. जुन्यावर माझ्या हातून ही चूक होईलच कशी? म्हणजे 'किपली' मी नीट ऐकून टाइप केलं होतं. किसनराव तसंच म्हणाले होते, नि मी त्यांचा शब्द दुरुस्त केला. फार वाईट वाटलं.
जुना कॉ. लावून बघितला. लागलाच नाही.

११ फेब्रु.
फाट्यावर जाऊन आले. धुरपदाबाईंना सांगितलं.
"किपली व्हय! लेक दोन दिस कपिली कपिली करायलाय, ती बगत बी न्हाई."
"पण किपली म्हणजे काय?"
"त्यांनाच ठाव. मी कधी इचारलं न्हाई."
बाकीची कुठली नावं सुधारली, ते मला आठवेना. मग आम्ही बांधावर बसून यादी वाचत एकेक हाक मारायला लागलो. जी मेंढी वळणार नाही, तिचं नाव किसनरावांचं नाही, माझं.