पुढच्या भिंतीचं पोट

३ एप्रिल
नगरपालिकेचं पत्र आलं. जुन्या इमारती तपासणाऱ्या मिस ग्रीहन नोव्हेंबरात येणार. पुढची भिंत धोक्याची ठरली तर घर खाली करायचं. काळजीचं कारण नाही. चार मजली विटांची भिंत, आयर्लंडातल्या या लिमरिकच्या पावसात दोनशे तीस वर्षं उभी आहे. दुसऱ्या मजल्याशी जरा पोट सुटलंय, इतकंच. पन्नाशीत कोणाला सुटत नाही? ओर्ला म्हणाली, तुझं पोट रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यात पडणार नाही. बायको आहे म्हणून ऐकून घेतलं.

१० एप्रिल
संकल्प : विटांमधला भुसभुशीत चुना खरवडून सिमेंट भरायचं. स्वतः. रोज सकाळी चर्चमधल्या मिस्सेनंतर दोन तास.

१८ एप्रिल
म्हातारा मॅलकी, निवृत्त गवंडी, समोरच्या फुटपाथवरून ओरडला, फेलिम, लेका, चुना भर, चुना! सिमेंटनं विटेचा श्वास कोंडतो. म्हटलं, विटेला काय नाक आहे? म्हणाला, तुला आहे, पण उपयोग काय त्याचा?
जुनी माणसं. वाद घातला नाही.

३० मे
काम पूर्ण. भिंत तरुण दिसते. खिडकीजवळच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवली. भिंत हलली तर काच तडकते, अशी आपल्याकडची रीत. तडकणार नाही. संत जोसेफांपुढे मेणबत्ती लावली. ओर्ला म्हणाली, ते सुतार होते, गवंडी नव्हते.

११ ऑगस्ट, सकाळी ६.१०
काच तडकली. काच हलकी होती. जाड लावली.

२ सप्टेंबर
तीन आठवडे पाऊस. आतून भिंत ओली. ओल बाहेर पडतेय, हे चांगलंच. विटांचे पापुद्रे सुटून पायरीवर पडतात. मॅलकी उठायच्या आत मी ते झाडून टाकतो.

९ ऑक्टोबर
जाड काचही गेली. रस्त्यावरचे ट्रक. आता रबराची पट्टी लावली आहे. रबर तडकत नाही. मन शांत. मुलींचे पलंग मागच्या खोलीत नेले, हवापालट म्हणून.

१ नोव्हेंबर
जेवताना भिंतीत लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. सगळ्यांचे हात ताटावरच थांबले. मी म्हटलं, जुनी घरं बोलतात. ओर्ला म्हणाली, मग ऐक की मेल्या! अर्ध्या तासात मुलींना घेऊन बहिणीकडे गेली. मी जपमाळ घेऊन जिन्यात बसलो. जिना मागच्या बाजूला आहे. योगायोग.

६ नोव्हेंबर
मिस ग्रीहन आल्या. बाई शांत. म्हणाल्या, पोट दीडशे वर्षांचं आहे, निरुपद्रवी. बांधतानाच विटांत आडव्या लाकडी तुळया पुरल्या होत्या, त्यांनी भिंत धरून ठेवली होती. सिमेंटनं पाणी आत कोंडलं, तुळया सडल्या. चार वाजेपर्यंत घर सोडा.
विचारलं, मी हात लावला नसता तर?
म्हणाल्या, तर मी चहा पिऊन गेले असते.

४ डिसेंबर
भिंत उतरवायला सुरुवात. पुन्हा रचताना जुन्याच विटा वापरायच्या, म्हणून प्रत्येक विटेवर खडूनं नंबर घालायचं काम मला दिलं आहे. सिमेंट चिकटलेली वीट साफ होत नाही, ती सरळ फेकायची. खडू नवा घेतला. सकाळी आठला उभा राहिलो.
दुपारी एक. फेकलेल्या विटांची दुसरी गाडी भरून गेली. अजून पहिला नंबर घालायचा आहे.