उशीएवढं हिरवं पुडकं

शिन्चू, सोमवार, १२ मार्च २०१८
सकाळी ७ वाजून १० मिनिटे. भिंगाखाली चिपच्या तारा मोजत आहे.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चाळीसच्या चाळीस तारा जागेवर आहेत. चारदा मोजल्या. तरी श्याओ बाईंची चिप झोपेतसुद्धा चारशे नॅनोअँप वीज खाते. दहाच्या आत हवी. कमी विजेच्या चिपा करण्यात बाईंचं आयुष्य गेलं. शुक्रवारी विद्यापीठाची समिती येणार. आकडा जमला तर बाईंना आणखी तीन वर्षं, नाहीतर जुलैत निवृत्ती आणि प्रयोगशाळेला कुलूप. अर्धवट शाळा सोडलेल्या मला बाईंनी इथे घेतलं. दुसरं कोण घेईल?

खरं कारण कुणाला सांगू नकोस. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आपल्याकडे सगळेच यंत्रावर ठेवतात ते नारळी खाऊचं हिरवं पुडकं. त्याची मुदत फेब्रुवारीतच संपली होती. ती बघणं माझं काम. बाई असल्या गोष्टींना हसतात, म्हणून बोललो नाही. इथल्या दुकानांत हिरवी संपलीत, आणि पिवळं ठेवलं तर पिवळा सिग्नल दिसल्यासारखं यंत्र अडून बसेल. लोभ आहेच, जमल्यास पुडकंही धाड.

तुझा धाकटा,
यी-तेंग

ताइनान, १४ मार्च

चि. यी-तेंग यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही, आपल्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना दाखवलं. सोयादूध पिता पिता सगळ्यांचं एकमत झालं की महिनाभर शिळा खाऊ उशाशी असल्यावर कुणालाही झोप लागणार नाही. लहान पुडकं मिळालं नाही, म्हणून सणाचं मोठं पाठवतेय, उशीएवढं. मुदत नोव्हेंबरपर्यंत आहे. मी बघितली, तू चारदा बघशीलच. बाईंना एकदाचं सांगून टाक. एक अक्षर चुकलं की अख्खं पान फाडणारा मुलगा तू, असाच झुरत बसशील. वेळेवर जेव. चिप चालो न चालो, आमची माया चालूच राहील.

तुझी ताई,
ली-छिंग

शिन्चू, शुक्रवार, १६ मार्च
दुपारी १२ वाजून २० मिनिटे. डबा उघडलाय, पण जेवण जात नाही. आनंदानं.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुडकं नऊला आलं, समिती साडेनऊला. यंत्रावर ते उभंच राहीना, म्हणून भिंगाच्या दिव्याला टेकवलं. आकडा चारशेवरून सहावर आला. बाईंनी पुडकं उचललं, चारशे. ठेवलं, सहा. तिसऱ्यांदा ठेवलं आणि त्या मटकन खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. उघड्या चिपवर उजेड पडला की तिच्यातून वीज गळते, हे त्या तीस वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवताहेत. तुझं पुडकं दिवा आणि चिप यांच्या मध्ये आलं होतं, इतकंच. आणि दिवा मीच चालू ठेवत होतो, तारा मोजायला.

मी माफी मागितली, मुदतीचंही कबूल केलं. बाई म्हणाल्या की तोंडावर दिवा असल्यावर झोप कुणाला लागते, एवढं तुला कळायला हवं होतं, आणि तुझ्याआधी मला.

समितीसमोर त्यांनी दिवा बंद केला, चिपवर काळं झाकण ठेवलं. सहा. अध्यक्षांनी हे पुडकं कशाला म्हणत ते उचलायला हात पुढे केला, तर बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या की तो यंत्राचा भाग आहे, हलवू नका.

आम्हांला तीन वर्षं मिळाली, पुडक्याची मुदत मात्र नोव्हेंबरपर्यंतच आहे. तेव्हा माया पातळ होऊ देऊ नकोस, आणि ऑक्टोबरात दुसरं पाठव. बाईंनी बजावलंय, मोठंच.

तुझा,
यी-तेंग