मिठाईच्या डब्यातलं कार्ड

सर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही. आज कपाट आवरताना मिठाईचा एक जुना डबा हाती लागला आणि तो राग पुन्हा डोक्यात चढला. २००२ साली मी शिकागोत तुमच्या हाताखाली आले. तुम्ही मला तुमच्या देशातल्या जुन्या बल्गेरियन हस्तलिखितांच्या फोटोप्रती दिल्यात. 'जरी', 'असूनही' अशा अर्थाचा शब्द जिथे दिसेल तिथलं वाक्य कार्डावर उतरवायचं आणि खाली हस्तलिखिताचं साल घालायचं, एवढंच काम. चार वर्षं मी ते केलं. कार्डं ठेवायला डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी मिठाईच्या दुकानातून मिठाईचे रिकामे डबे मागून आणायची. एकदा तुम्ही भर वर्गात एक कार्ड नाकाशी धरलंत आणि म्हणालात, "तुमच्या पुराव्याला तुपाचा वास येतो." सगळे हसले. मीही हसले, याची मला अजून लाज वाटते.

त्यातला 'माकार' हा शब्द माझा लाडका. ग्रीकमधून आला तेव्हा त्याचा अर्थ होता, 'असं झालं तर किती बरं'. पुढे तो 'निदान एवढं तरी' झाला आणि शेवटी नुसता 'असूनही'. माणसं शब्दालासुद्धा तडजोड करायला लावतात. ही वाट मी माझ्या खोलीत जमिनीवर कार्डं मांडून शोधली आणि धावत येऊन तुम्हाला सांगितली. तुम्ही नुसतं "हं" केलंत. दोन वर्षांनी तुमच्या पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण तेच होतं. माझा उल्लेख कुठे? कार्डं नीट लावून दिल्याबद्दल 'एका विद्यार्थिनीचे' आभार. माझी रूममेट भडकली. "अगं, हे सगळं तुझं आहे यार! कम्प्लेंट कर ना." मी म्हटलं, "माझी डिग्री त्यांच्या सहीवर अडकलीय."

मग ती परिषद. तुम्ही व्यासपीठावर आहात, मी तिसऱ्या रांगेत. बल्गेरियातल्या सोफियाहून आलेल्या एक बाई उभ्या राहतात आणि शांतपणे सांगतात, की तुमचा सगळ्यात जुना पुरावा ज्या हस्तलिखितात आहे, ते मूळ नव्हे, शंभर वर्षांनंतरची नक्कल आहे. साल मूळ ग्रंथाचं घेतलंय, आणि तो शब्द नक्कल उतरवणाऱ्याने आपल्या काळातला घातलाय. प्रकरणाचा पायाच गेला. "हे साल कोणी वाचलं?" बाई विचारतात. तुम्ही माझ्याकडे बघता. मी नजर हलवत नाही. सांगा ना आता, घ्या माझं नाव! तुम्ही म्हणता, "मीच. सगळं काम माझंच आहे."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दुसऱ्या दिवशी डेव्हनवरून पेढे आणले आणि सगळ्या डिपार्टमेंटमध्ये वाटले. कुणी विचारलं तर म्हणायची, "आमच्यात असंच वाटतात, सहज." तुम्हीही एक घेतलात, पूर्ण खाल्लात आणि बोटं रुमालाला पुसलीत. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. मी रडले नाही.

तेव्हापासून कोणत्याही जेवणात विषय निघाला की मी ही गोष्ट रंगवून सांगते. ते साल मी मुद्दाम चुकीचं घातलं, म्हाताऱ्याला बरोबर खड्ड्यात पाडलं, असं सांगते. ऐकणारे खूश होतात. आज डब्यात तेच कार्ड निघालं. साल माझ्याच अक्षरात, ठसठशीत, आणि कोपऱ्यात तुपाचा डाग. नक्कल उतरवणाऱ्याने आपलं साल शेवटच्या पानावर स्वच्छ लिहून ठेवलं होतं. ते पान तुम्ही मला दिलेल्या गठ्ठ्यात होतं.

तुम्हाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. हे पत्र त्याच डब्यात, कार्डाखाली ठेवतेय. फक्त एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. मी मुद्दाम काही केलं नव्हतं, सर. ते शेवटचं पान मी वाचलंच नव्हतं.