एका डावाने काय होतंय

२ जून, दुपारी
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत. नवी वही कशाला? यांच्या तब्येतीची नोंद इथेच करीन.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचले. हृदय थकलंय, मूत्रपिंडंही. यांनी विचारलं, दुखत तर कुठेच नाही, मग बिघडलं कुठे? बाई म्हणाल्या, पोटावर. चरबी नुसती बसून राहत नाही, रक्तातून निरोप धाडते. निरोप्याचं नाव लेप्टिन, एक प्रथिन. त्याचं काम मेंदूला 'पुरे' सांगायचं. पण चरबी वाढली की तो इतका ओरडतो की मेंदू ऐकेनासा होतो, आणि त्या आरडाओरड्याचा ताण हृदयाला आणि मूत्रपिंडांना सोसावा लागतो.

मी मॅट्रिक पास आहे. एकदा सांगितलं की कळतं.

निश्चय: मीठ कमी. यांचं जेवण निम्मं. तीन महिन्यांत दहा किलो.

३ जून
किराणावाल्याच्या पोत्यांच्या काट्यावर यांना उभं केलं. ९४. किराणावाला म्हणाला, वहिनी, हा माल घरपोच मिळणार नाही बरं का. हे हसले. मी हसले नाही.

५ जून
देवापुढे बसून संकल्प केला. यांचं वजन उतरेपर्यंत मी एक वेळ जेवणार. देव मन बघतो.

९ जून
उपासाची एक अडचण आहे. संध्याकाळी माझ्या वाटचं उरतं. एकतीस वर्षं हात माझं पान धरूनच पडतो, त्याला मी काय करू? आणि अन्न टाकायचं नाही. म्हणून शेवटचा डाव यांच्या पानात. हे ताटावर आडवा हात धरतात, म्हणतात, पुरे गं. मी बोटांच्या फटीतून वाढते. लग्न झाल्यापासून हे असंच. एका डावाने काय होतंय? ते जेवण नव्हे, आवराआवर.

२० जून
९५. पण यांच्या खिशात कात्री होती. शिंप्याच्या खिशात कात्री, टेप, खडू असायचंच. ते धरलं तर वजन उतरलंच म्हणायचं.

४ जुलै
९७. खिसे रिकामे करून. माझं मात्र चार किलो उतरलं. म्हणजे उपास लागू पडतोय, फक्त पत्ता चुकतोय.

११ जुलै
यांनी स्वतःच्या विजारीची शिवण पुन्हा उसवून कंबर सैल केली. दिवसभर लोकांच्या कमरा मोजतात, स्वतःची कधी नाही. आज मीच टेप लावली. आकडा लिहीत नाही. टेप जुनी आहे, विश्वासाची नाही.

१८ जुलै, शुक्रवार
यांचे पाय भरलेत. बोट दाबलं की खळगा राहतो. मला वाटतं अंग धरलंय. शेजारीण म्हणाली, ही सूज आहे. तिला सगळ्यात वाईटच दिसतं.

थोरलीचा फोन. बाबा काय जेवतात विचारलं. सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, तू उपास करतेस आणि तुझं ताट बाबा जेवतात, मग हा उपास आहे कोणाचा? मी म्हटलं, ताट नव्हे, डाव. ती म्हणाली, अंगात पाणी साठतंय, आजच्या आज दाखव. सोमवारची वेळ घेतलेलीच आहे. दोनदा खेपा कशाला?

२० जुलै, सकाळी
यांना आडवं होता येईना. चार उशांना टेकून बसले होते. ॲम्ब्युलन्स बोलावली.

२३ जुलै
दवाखान्यातलं जेवण मोजून येतं. यांनी अर्धं ठेवलं. माझ्या हातात चमचा होताच. यांचा हात ताटावर आडवा आला, कागदासारखा हलका. म्हणाले, पुरे गं.

मी चमचा खाली ठेवला. हे माझ्याकडे बघतच राहिले.

निश्चय: घरी आले की सगळं वाटीने मोजून. माळ्यावरचं छोटं पातेलं काढायचं. घरी कधी सोडणार, विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघू. बघू म्हणजे होच असतं.

८ ऑगस्ट, दुपारी
हे जाऊन दोन आठवडे झाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखणं कित्येक वर्षांचं होतं, एका डावाने माणूस जात नाही. थोरलीही आता तेच म्हणते. म्हणून लिहून ठेवते.

छोटं पातेलं काढलं. एकटीपुरतं शिजवलं. तरी तळाशी डावभर उरलं. सवयीने डाव घेऊन यांच्या जागेशी गेले. उभी राहिले.

कोणी पुरे म्हणालं नाही.